झालं, असं वाटतच नाही

दिवसातून किती वेळा हात धुता, हा प्रश्न मला जवळजवळ रोज कुणाला तरी विचारावा लागतो. पेशंट एक आकडा सांगतो, बरोबर आलेली बहीण किंवा नवरा ‘छे, दुप्पट धरा’ म्हणतो, आणि मग दोघंही निकाल ऐकायला माझ्याकडे बघतात. नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. कोळणीचे हात दिवसभर पाण्यात असतात, वॉर्डातल्या सिस्टर एका खाटेवरून दुसरीकडे जाताना हात धुतात. त्यांना कुणी आजारी म्हणत नाही. उलट चार-चार दिवस आंघोळ न केलेला, अंगाला वास मारणारा मुलगाही मंत्रचळाचा पेशंट निघतो. एकदा नळ सोडला की दोन तास बंद करता येणार नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं, म्हणून तो मोरीकडे फिरकतच नाही. घरचे त्याला आळशी समजत असतात.

मंत्रचळाचं, म्हणजे ज्याला हल्ली सगळेच ओसीडी म्हणतात त्या आजाराचं निदान पुस्तकात सोपं दिसतं. नको असताना मनात पुन्हा पुन्हा घुसणारा विचार, चित्र किंवा ऊर्मी हा एक भाग. त्यातून उठणारी अस्वस्थता शमवण्यासाठी पुन्हा पुन्हा करावी लागणारी कृती हा दुसरा; ही कृती हातांनी होते, तशी मनातल्या मनातही होते. या सगळ्यात दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ जात असेल, किंवा माणसाला त्याचा जाच होत असेल, नोकरी-संसारात खोळंबा होत असेल, तर तो आजार. विद्यार्थी हे संध्याकाळभरात पाठ करतात. पेशंटसमोर बसलं की मात्र अडायला होतं, कारण आजार आपला कच्चा माल आजूबाजूलाच शोधतो. आमच्या भागात तो माल म्हणजे सोवळं, देवघर, चाळीतला सार्वजनिक संडास, लोकलमधली दांडी, रात्री बंद केलेला गॅस. सगळं इतकं ओळखीचं की त्याआडचा आजार कुणाच्या नजरेत भरत नाही.

परळच्या पालिका रुग्णालयात मी मानसोपचार शिकले आणि पुढे दादरला दवाखाना थाटला. गिरगावपासून लालबागपर्यंतची माणसं माझ्याकडे येतात. त्यांच्यातल्या काहींबद्दल पुढे लिहिलं आहे. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि एकेका उदाहरणात अनेकांची हकिगत मिसळली आहे.

सोवळं आणि कबुतरं

गिरगावातल्या एका आजींना त्यांच्या सुनेने आणलं. तक्रार अशी की आईंचं सोवळं अति झालंय. आजी पहाटे आंघोळ करून सोवळ्याने पूजा करायच्या आणि नैवेद्य दाखवून होईपर्यंत नातवंडांनाही जवळ येऊ द्यायच्या नाहीत.

‘‘आणि चुकून कुणी शिवलं तर?’’ मी विचारलं.

‘‘तर काय, पुन्हा आंघोळ.’’

‘‘त्यानंतर? मन खात राहतं का दिवसभर?’’

‘‘कशाला खाईल? आंघोळ केली ना!’’

‘‘आणि गावी जाताना, गाडीत?’’

आजी हसल्या. ‘‘अगं, प्रवासात कसलं आलंय सोवळं! प्रवासात सगळं माफ.’’

या उत्तरावर माझं काम झालं. आजींच्या सोवळ्याला सुरुवात होती आणि शेवट होता. नियम त्यांनी एकटीने केलेले नव्हते, त्यांच्या पिढीतल्या सगळ्यांना ते माहीत होते. आजारपणात, प्रवासात, म्हातारपणी सूट होती. नियम मोडला तर त्यावर उपाय होता आणि तो केला की मन निवांत होत होतं. मंत्रचळातला नियम यातलं काहीच पाळत नाही. तो एकट्याचा असतो, दर महिन्याला वाढत जातो, त्यात सूट नसते आणि मोडल्यावर कुठलंही प्रायश्चित्त पुरं पडत नाही. सासू-सुनेचा वाद खरा होता, पण तो सोडवायला डॉक्टर लागत नव्हता.

अर्थात याच प्रकारच्या घरात खरा आजारही वर्षानुवर्षं सोवळ्याच्या नावाखाली खपून जातो. बंगालमध्ये अशा बायकांना ‘शुचिबाई’ झाली आहे असं म्हणत, आणि कोलकात्याच्या डॉ. अजिता चक्रवर्ती यांनी १९७५ साली त्यावर लिहिताना कर्मकांड कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो याचाच शोध घेतला होता.

भीती शास्त्राला धरून आहे की नाही, यावरूनही निदान ठरत नाही. दादरच्या कबुतरखान्याचं उदाहरण घ्या. कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांचे आजार होऊ शकतात, हे वैद्यकशास्त्र सांगतंच. तिथल्या कबुतरांचा वाद हायकोर्टापर्यंत गेला. तेव्हा कबुतरखान्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावणारा माणूस शहाणाच म्हणायचा. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ मात्र स्टेशनपासून भलामोठा वळसा घालून घरी जायचे. घरी गेल्यावर चपला बाहेर धुवायच्या, मग चपलांना हात लागला म्हणून हात, मग खिशातली नाणी, मग ज्या मुलाने दार उघडलं त्याचे कपडे. वाटेत आकाशातून एखादं पीस खाली आलं होतं का, हे आठवण्यात रात्र जायची. भीतीचं बीज खरं असेलही. पण नाण्यांपर्यंत आणि मुलाच्या कपड्यांपर्यंत वाढलेलं झाड आजाराचं होतं.

विचाराचा आशय वेगळा धरायचा आणि त्याचा घाट वेगळा, हा धडा आपल्याच देशात उत्तम गिरवला गेला आहे. चंदीगडच्या पीजीआयमध्ये सलमान अख्तर, एन. एन. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८२ रुग्णांच्या लक्षणांचं बारकाईने विश्लेषण केलं. ते १९७५ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्रीमध्ये छापून आलं. त्यांनी विचारांचे पाच घाट सांगितले: शंका, न संपणारं विचारचक्र, भीती, ऊर्मी आणि डोळ्यांसमोर येणाऱ्या प्रतिमा. आशयात घाण आणि विटाळ यांचा नंबर पहिला होता, पण घाटांमध्ये सर्वांत जास्त आढळली ती शंका. आजही बाह्यरुग्ण विभागात हेच दिसतं. हात धुणारा, कुलूप ओढून बघणारा आणि देवाची माफी मागत राहणारा, तिघांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: झालं, अशी मनाला खात्रीच पटत नाही.

रूढी आणि आजार यांतला फरक कायद्यानेही ओळखला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार मानसिक आजार ठरवायचा तो देशात किंवा जगात मान्य असलेल्या वैद्यकीय निकषांवर. कुणाचं वागणं समाजातल्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक कल्पनांशी जुळत नाही, एवढ्यावर त्याला आजारी म्हणता येत नाही. सोवळं पाळणाऱ्या आजींना या कलमाचं संरक्षण आहे, आणि सगळं सोवळं धुडकावणाऱ्या नातीलाही.

चाळीतली मोरी, टॉवरमधलं बाथरूम

गिरगावातल्या एका चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला. तिथल्या एका काकूंना त्यांचे यजमान घेऊन आले. ‘‘नव्या जागेत आलो आणि हिला हे सुरू झालं. वास्तू लाभली नाही म्हणा,’’ असं त्यांचं म्हणणं.

काकूंना मी म्हटलं, हात कसे धुता ते मला पहिल्यापासून सांगा. त्यांनी सांगितलेला क्रम असा: आधी नळ धुवायचा. मग साबणाची वडी, कारण तिला आधीच्या वेळचा हात लागलेला. मग करंगळीपासून एकेक बोट सात-सात वेळा. मध्येच कुणी हाक मारली आणि मोजणी चुकली, तर पुन्हा करंगळीपासून. मग मनगट, मग कोपरापर्यंत. शेवटी नळ बंद कसा करायचा हा पेच, कारण नळाला हात लावला की सगळं पाण्यात. म्हणून नळ लेकीने येऊन बंद करायचा. लेकीने त्याआधी स्वतःचे हात धुतलेले असायला हवेत, आणि ते तिने आईसमोर धुवायचे. काकूंच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, नखांच्या कडा पांढऱ्याफटक झाल्या होत्या.

‘‘हात स्वच्छ झाले, हे तुम्हाला कसं कळतं?’’

‘‘कळत नाही हो डॉक्टर. दमते, तेव्हा थांबते.’’

निदानाच्या दृष्टीने माझ्या लेखी सगळ्या मुलाखतीत हे वाक्य सर्वांत मोलाचं होतं. आपण हात धुतो, कडी लावतो, दिवा मालवतो आणि आत कुठेतरी ‘झालं’ अशी नोंद होते. ती इतकी सहज होते की ती होते हेही आपल्या ध्यानात येत नाही. काकूंच्या बाबतीत ती नोंद होत नव्हती. स्वच्छता डोळ्यांना दिसत होती, मनाला पोहोचत नव्हती.

नंतर हळूहळू मागचं उलगडलं. आजार नव्या जागेत आलाच नव्हता. तो लग्नाआधीपासूनचा होता. पण चाळीत त्याला कुंपण होतं. दोन खणांच्या बिऱ्हाडात कोपऱ्यातली मोरी, समोर सगळं घर बसलेलं. पाणी पहाटे यायचं, पिंप भरून ठेवायचं, आणि तेवढ्यात सगळ्यांचा दिवस भागवायचा. संडास गॅलरीच्या टोकाला, बाहेर रांग. जरा वेळ लागला की ‘वहिनी, आटपा!’ अशी हाक. काकूंचं धुणं पाणी संपलं की संपायचं. शेजारपाजारी त्यांच्याबद्दल कौतुकाने बोलायचे: स्वच्छतेची भारी आवड. टॉवरमध्ये चोवीस तास पाणी आलं आणि आतून कडी लागणारं बाथरूम मिळालं. कुंपण गेलं, तेव्हा आजार केवढा मोठा आहे ते दिसलं.

म्हणून अशा पेशंटच्या नातेवाइकांना मी एक प्रश्न हमखास विचारते: यांच्यासाठी तुम्ही काय काय करता? उत्तर ऐकताना घरचेच चकित होतात. मुलगी नळ बंद करते, नवरा ऑफिसातून आल्यावर दारातच कपडे बदलतो, घरी पाहुणे येणं बंद झालेलं असतं. आणि दिवसभर चाललेला तो संवाद: ‘झालं ना गं?’ ‘झालं, आई.’ मायेपोटी दिलेलं हे उत्तर पाच मिनिटं पुरतं, मग शंका पुन्हा डोकं वर काढते. घर जितकं साथ देतं तितका आजार घरभर पसरतो, आणि पेशंट एकटा किती वेळ घालवतो हे विचारलं तर निम्माच आजार हाती लागतो.

दहा प्रश्न, चाळीस गुण

आजाराची तीव्रता मोजायला जगभर एक मोजपट्टी वापरतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या वेन गुडमन यांनी सहकाऱ्यांसह ती तयार केली, १९८९ साली ती प्रसिद्ध झाली, आणि ‘वाय-बॉक्स’ या आखूड नावाने आम्ही ती ओळखतो. पाच प्रश्न विचारांबद्दल, पाच कृतींबद्दल. वेळ किती जातो, कामात अडथळा किती, त्रास किती, विरोध किती करता, ताबा किती राहतो. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४०. सोळाच्या पुढे आजार मध्यम, चोविसाच्या पुढे तीव्र, बत्तिसाच्या पुढे अतितीव्र.

या मोजपट्टीबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, ती आजार ओळखत नाही; ओळखलेल्या आजाराचं वजन करते. हल्ली मोबाइलवर स्वतःच गुण काढून लोक येतात, त्यांना हे समजवावं लागतं. दुसरी, वेळेचा प्रश्न सरळ विचारला तर सरळ उत्तर येत नाही. ‘अर्धा तास जात असेल’ असं पेशंट अगदी प्रामाणिकपणे सांगतो, कारण ज्या कामांत वेळ जातो ती त्याला आजाराची वाटतच नाहीत. म्हणून मी दिनक्रम विचारते. दादरला राहणारे एक बँक कर्मचारी फोर्टला जायला ९.१२ ची लोकल पकडायचे, पण उठायचे ४ वाजता. मधल्या वेळात काय होतं, हे त्यांच्याबरोबर मिनिटामिनिटाने मांडत गेल्यावर गॅस, खिडक्या, कुलूप आणि जिन्यातून परत वर येणं यांचा हिशेब लागला. कुलूप लावल्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवण्याची युक्ती त्यांनी केली होती. पुढे तो फोटो आजचाच आहे ना, ही शंका सुरू झाली.

न दिसणारा मंत्रचळ

हात धुणारा निदान दिसतो तरी. ज्याचं सगळं डोक्यातच चालतं, त्याला आमच्यापर्यंत यायला फार उशीर होतो.

लालबागच्या एका मंडळाचा कार्यकर्ता असलेला तरुण गणपतीच्या दिवसांत मंडपात जायचा बंद झाला. वर्गणीपासून विसर्जनापर्यंत राबणारा मुलगा घरात तोंड लपवून बसला, तेव्हा आईला वाटलं, प्रेमभंग. एका ठिकाणी नैराश्याच्या गोळ्याही सुरू झाल्या होत्या. तो उदास होताच, त्यामुळे ते काही अगदीच चूक नव्हतं. माझ्यासमोर तो गप्प बसून राहिला. आईला बाहेर बसवून मी म्हटलं, ‘‘काही जणांना देवासमोर उभं राहिलं की नेमके नको ते, घाण विचार मनात येतात. ज्यांची श्रद्धा जास्त, त्यांनाही येतात. तुझं असं काही होतं का?’’

त्याने पहिल्यांदा वर बघितलं. ‘‘मॅडम, हे दुसऱ्या कुणाला पण होतं?’’

मूर्तीच्या पायांवर डोकं ठेवताना त्याच्या मनात अश्लील चित्रं यायची. प्रत्येक चित्रामागे देवाचं नाव एका श्वासात अकरा वेळा घ्यायचं, मध्ये श्वास तुटला तर पुन्हा. कामावर चुका व्हायला लागल्या होत्या, कारण मालाचा हिशेब करतानाही आत हा दुसरा हिशेब चालू असायचा. बाहेरून बघणाऱ्याला फक्त हरवलेला मुलगा दिसत होता. आई म्हणाली, नामस्मरण तर चांगलंच की. चांगलंच आहे. माळ मेरुमण्यापाशी आली की जप करणारा माळ ठेवतो आणि स्वयंपाकाला लागतो. या मुलाच्या जपाला मेरुमणीच नव्हता.

असे विचार धर्माचे असतात, लैंगिक असतात, हिंसेचे असतात. नवी बाळंतीण येते आणि सांगते की तिने घरातली विळी शेजारणीकडे नेऊन ठेवली आहे. बाळाला आपण काही करून बसू, असं चित्र तिच्या डोळ्यांसमोर येतं आणि तिचा थरकाप होतो. इथे निदान अचूक हवं, आणि त्याच दिवशी हवं. बाळंतपणानंतर क्वचित येणाऱ्या तीव्र मनोविकृतीत भ्रम होतात, आवाज ऐकू येतात, आपलं म्हणणं खरं वाटतं. तिथे बाळाला आणि आईला खरा धोका असतो आणि तातडीने दाखल करावं लागतं. मंत्रचळातली आई या विचाराला शत्रू मानते, बाळापासून दूर पळते, सुऱ्या लपवते. फरक कळण्यासाठी तिला विचारावं लागतं: हा विचार आल्यावर तुम्हाला काय वाटतं, आणि तुम्ही काय करता? मन घट्ट करून आलेल्या बाईला ‘असं बोलू नये’ म्हणून परत पाठवलं, तर ती पुन्हा कुणापाशी तोंड उघडत नाही.

गंमत अशी, की ज्यांना लोक हसत हसत ‘ओसीडी’ म्हणतात त्यांना बहुतेक वेळा हा आजार नसतोच. टेबलावरचं पेन तिरकं झालेलं न खपणारे साहेब, डब्यांना लेबलं लावणारी वहिनी, यांना आपली रीत बरोबर वाटते आणि त्यापायी इतरांनी बदलावं असं वाटतं. तो स्वभाव असतो. फार टोकाला गेला तर व्यक्तिमत्त्वाचा दोष म्हणून त्याचा वेगळा विचार करतात. मंत्रचळातला माणूस स्वतःच्या नियमांना वैतागलेला असतो.

आजाराने घर बदललं

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या एस्किरोल यांनी १८३८ च्या ग्रंथात मंत्रचळाच्या रुग्णाचं वर्णन करून हा आजार एकाच विषयापुरता उन्माद ठरवला. पुढे चाळीसेक वर्षांनी जर्मनीच्या वेस्टफाल यांनी मुद्द्याला हात घातला: बुद्धी शाबूत आहे, तरी विचार इच्छेविरुद्ध येतो. फ्रॉइड यांनी त्याला मज्जाविकृतींच्या कुळात नेलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीने १९८० मध्ये त्याला चिंताविकारांच्या घरात नेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात त्याला एफ-४२ हा क्रमांक मिळाला. विचार जास्त, कृती जास्त की दोन्ही, असे पोटविभाग, आणि किमान दोन आठवड्यांची अट.

मग मे २०१३ मध्ये अमेरिकन पुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली आणि मंत्रचळाला चिंताविकारांतून बाहेर काढून स्वतंत्र प्रकरण मिळालं. त्या प्रकाशनाच्या वेळी संघटनेचे अध्यक्ष होते डॉ. दिलीप जेस्ते. परळला शिकलेल्या माझ्यासारखीला याचं अप्रूप वाटतं, कारण जेस्ते मूळचे महाराष्ट्रातले, पुण्याच्या बी. जे. महाविद्यालयात शिकलेले, आणि मानसोपचाराचे पहिले धडे त्यांनी गिरवले ते परळच्याच केईएम रुग्णालयात, डॉ. एन. एस. वाहिया यांच्या हाताखाली. पतंजलीच्या कल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती वाहियांनी केईएममध्ये आजमावून पाहिली होती, आणि त्यावरच्या १९७३ च्या निबंधात जेस्ते यांचंही नाव आहे. वर्गीकरणातला हा बदल एकट्या अध्यक्षांनी केलेला नव्हता. कित्येक तज्ज्ञांच्या समित्या वर्षानुवर्षं त्यावर भांडत होत्या. पण त्या पुस्तिकेचं प्रकाशन परळच्या एका विद्यार्थ्याच्या कारकिर्दीत झालं, ही नोंद आपल्याकडे फारशी कुणी घेतलेली नाही.

बदल का झाला? एक तर सगळ्या रुग्णांत भीती हे मूळ नसतं. कुणाला किळस येते, कुणाला ‘नीट बसलं नाही’ अशी नुसती बोच असते. चादरीची घडी पुन्हा पुन्हा घालणाऱ्या मुलाला कसलीच भीती सांगता येत नाही. दुसरं, मेंदूच्या चित्रणात पुढच्या भागापासून खोलवरच्या केंद्रांपर्यंत जाणारी काही मंडलं या रुग्णांत जादा काम करताना दिसली. चूक झाल्याची सूचना देणारी यंत्रणा दाराची बेल अडकून बसावी तशी वाजत राहते. तिसरं, अंगाला किंवा चेहऱ्याला झटके देण्याच्या टिक्सच्या आजाराशी त्याचं कौटुंबिक नातं आढळलं. विरोधकांचाही मुद्दा होता: चिंता बहुतेकांना असतेच, आणि भीतीला सामोरं जाण्याचा उपचार दोन्हीकडे लागू पडतो. म्हणून नवं प्रकरण चिंताविकारांच्या अगदी शेजारी ठेवलं गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणानेही हीच वाट धरली. ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. जुने पोटविभाग गेले, दोन आठवड्यांची अट गेली. मंत्रचळाच्या कुटुंबात आता आणखी काही आजार आले आहेत: वस्तू टाकवतच नाहीत असा साठवणीचा आजार, स्वतःच्या रूपातलं व्यंग दिवसभर आरशात शोधत राहणं, केस उपटणं, त्वचा कोरणं. माळ्यावर रद्दी आणि पिशव्या साठवून जिथे झोपायला जागा उरली नाही, ते घर पूर्वी मंत्रचळातच धरलं जायचं. आता त्याचं निदान वेगळं होतं. एका बाबतीत मात्र दोन्ही ग्रंथांचं जमलेलं नाही. परळला टाटा हॉस्पिटलच्या शेजारी राहून आपल्यालाही कॅन्सर झालाय या धास्तीने तपासण्या करत सुटलेला माणूस अकराव्या वर्गीकरणानुसार मंत्रचळाचा भाऊबंद ठरतो, अमेरिकन पुस्तिकेनुसार शारीरिक लक्षणांच्या प्रकरणात जातो. अशा वर्गवारीत थोडा करारमदार असतो, हे आम्ही डॉक्टरांनीही विसरू नये.

माझ्या रोजच्या कामात सर्वांत उपयोगी पडला तो एक छोटा बदल. पूर्वी ठोकताळा असा, की आपले विचार निरर्थक आहेत हे मंत्रचळाच्या पेशंटला कळतं. न कळणारा भ्रमिष्ट. प्रत्यक्षात बरीच वर्षं आजारात काढलेल्या माणसाला ते विचार खरेच वाटू लागतात, आणि तो विरोध करणंही सोडून देतो. आता निदानाबरोबरच उमज किती आहे हे नोंदवायचं असतं. ती अगदीच नसेल तरी मंत्रचळाचं निदान कायम राहतं. यामुळे कित्येकांवरचा स्किझोफ्रेनियाचा शिक्का टळतो.

नावामुळे काय फरक पडतो

उपचार बदलतात, हा पहिला फरक. सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, फ्लुवोक्सामिन ही औषधं नैराश्यातही देतात, पण मंत्रचळात सहसा मात्रा जास्त लागते आणि गुण दिसायला आठ ते बारा आठवडे थांबावं लागतं. निदान नैराश्याचं असेल तर त्याआधीच ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ म्हणून औषध बदललं जातं. औषधाच्या जोडीचा उपचार म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. व्हिक्टर मायर यांनी लंडनमध्ये १९६६ साली त्याची पहिली उदाहरणं मांडली. लालबागच्या त्या मुलाला चित्र येऊ द्यायचं आणि नाव घ्यायचं नाही, हे शिकावं लागलं. मनातला जप ही आजाराची कृती आहे हे निदानात निसटलं असतं, तर रोखायचं काय, हेच कळलं नसतं.

दुसरा फरक कागदोपत्री, पण पोटापाण्याचा. भारतात मानसिक आजारामुळे आलेल्या अपंगत्वाचं मोजमाप ‘आयडियाज’ या देशी मोजपट्टीने करतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम, आणि आजार किती वर्षांचा. मंत्रचळाचा त्यात समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या सवलती मिळू शकतात. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांनाही मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला सांगितलं. केसपेपरवर नाव बरोबर पडलं नाही, तर यातलं काहीच पदरात पडत नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ साली, देशातल्या प्रौढांमध्ये या आजाराचं प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळलं. म्हणजे शंभर-दीडशे खोल्यांच्या चाळीत दोन-चार माणसं सहज निघतील. ती कोण आहेत, हे चाळीला बहुधा ठाऊकही असतं, फक्त वेगळ्या नावाने.

तेव्हा घरात कुणाबद्दल शंका असेल तर तीन गोष्टी बघा. सुरू केलेलं काम त्यांना मनाजोगं थांबवता येतं का? एखाद्या दिवशी सूट घेता येते का? आणि त्यांच्या नियमांपायी घरातली इतर माणसं आपलं वागणं बदलू लागली आहेत का? ‘झालं ना?’ याला उत्तर देणं एका दिवसात बंद करू नका, त्याने त्यांचा जीव घाबरा होतो. ते कसं कमी करायचं हे उपचारात घरच्यांनाही शिकवतात. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, तिथे केसपेपर काढून सरळ दाखवता येतं. बाहेर पडायचा धीर होत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. एफ-४२ लिहायचं की आणखी काही, ते आम्ही बघू. तुम्ही तेवढं ‘तिला स्वच्छतेची आवड आहे’ म्हणणं सोडा.